मनाचं दुखणं सांगायचं कसं आणि कुणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनाच्या आजारातून जाणारी माणसं आणि त्यांच्या घरचे, अशा दोघांसाठी आम्ही काही जण मिळून बैठका घेतो. मी डॉक्टर नाही. घरातल्या आजारपणामुळे या कामात आले आणि इथेच राहिले. बैठकीत, फोनवर, कधी लग्नाच्या मांडवात बाजूला घेऊन लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांचं अडतं एकाच ठिकाणी: त्रास होतोय हे आतून कळलेलं असतं, पण तो तोंडाने सांगायचा कसा हे उमगत नाही. म्हणून उत्तरांत औषधांपेक्षा बोलण्यावर जास्त भर आहे.

आत्ता, या क्षणी जगणं नको झालंय. काय करू?

पुढचं वाचत बसू नका. १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर ११२, किंवा जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग. तो रात्रीही चालू असतो. घरात कुणी असेल तर त्यांना उठवा. कुणी नसेल तर शेजारचं दार वाजवा. कारण सांगत बसायची गरज नाही, "मला आज एकटं ठेवू नका" एवढं पुरे. ज्या वस्तूने स्वतःला इजा करायचा विचार येतोय, ती आहे त्या खोलीतून बाहेर या. हा विचार कायमचा वाटला तरी त्याचा जोर चढतो तसा उतरतो. तो उतरेपर्यंत सोबत हवी.

हे नुसतं टेन्शन आहे की आजार, कसं ओळखायचं?

टेन्शनला बहुधा कारण असतं आणि ते कारण सरलं की माणूस मोकळा होतो. परीक्षा झाली, पैशांची सोय झाली, पाहुणे गेले, की झोप लागते. आजारात तसं होत नाही. नैराश्य ठरवताना डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची खूण धरतात: दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, आणि त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक मरणं किंवा अति लागणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली दवाखान्यांत वापरतात. तिच्यात शून्य ते २७ गुण असतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करावी असं मानतात. ती चाचपणी आहे, निदान डॉक्टरच करणार.

आपल्याकडे मनाआधी शरीर बोलतं. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, पित्त हटत नाही. माणूस फॅमिली डॉक्टरकडे जातो, ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, सगळं "नॉर्मल" येतं, आणि घरचे म्हणतात, बघ, काही झालेलं नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे त्रास खोटा ठरला, असं होत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: थायरॉईड, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि बी-१२ कमी झालं तरी असाच थकवा, अशीच उदासी येते. म्हणून चांगला मानसोपचारतज्ज्ञ गरज दिसली तर या रक्ततपासण्या आधी करून घेतो. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ते मनाचं आहे असं स्वतःच ठरवू नका, आधी हृदय तपासून घ्या.

घरी सांगायचंय. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच.

माझा सल्ला असा: आजाराचं नाव घेऊन सुरुवात करू नका, रोज काय होतंय ते सांगा. "आई, मला डिप्रेशन आलंय" म्हटलं की पुढचा अर्धा तास डिप्रेशन असतं की नसतं, मोबाईलमुळे येतं की आळसामुळे, यावर वाद होतो आणि तुमचा त्रास बाजूलाच राहतो. त्याऐवजी असं सांगून पाहा: "आई, तीन आठवडे झाले, रोज पहाटे चारला जाग येते आणि मग झोप नाही. जेवण जात नाही. ऑफिसात एक मेल लिहायला तास लागतो. काल बसमध्ये कारण नसताना रडू आलं." यावर वाद घालायला जागा नसते. शिवाय यातलं निम्मं आईने पाहिलेलं असतं. आमच्या बैठकीतल्या एका मुलीने हे सांगितलं तेव्हा तिची आई एवढंच म्हणाली, "तुझ्या डब्यातली भाजी रोज तशीच परत येतेय, मला वाटलं माझ्या हातची चव गेली." दोघी आठवडाभर एकाच डब्याकडे पाहत होत्या आणि दोघींनी तोंड मिटलेलं होतं.

सांगताना सोबत एक मागणी ठेवा, आणि ती छोटी ठेवा. "मला समजून घ्या" ही फार मोठी मागणी आहे, समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. "शनिवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला", "आठवडाभर रात्री माझ्या खोलीत झोप", "बाबांना तूच सांग, मला जमणार नाही", असं काहीतरी मागा.

आधी कुणाला सांगायचं ते नात्यावरून ठरवू नका. घरात सगळ्यात जवळचं कोण, यापेक्षा ऐकून घेताना मध्ये बोलत नाही असं कोण, ते पाहा. कुणाला ती आत्या सापडते, कुणाला धाकटा भाऊ, कुणाला वहिनी. एका माणसाने नीट ऐकलं की दुसऱ्याला सांगणं सोपं जातं, आणि पुष्कळदा तो पहिला माणूसच पुढे सांगायचं काम करतो.

वेळ मात्र निवडा. भांडण चालू असताना, ताटावर, पाहुण्यांसमोर नको. समोरासमोर बसून डोळ्यांत बघून बोलणं आपल्या घरांत फारसं होत नाही, त्यामुळे दडपण येतं. शेंगा सोलताना, देवळातून चालत येताना, गाडीवर मागे बसलेलं असताना बोलणं निघतं. तोंडाने जमतच नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि शेवटी लिहा, "यावर लगेच फोन करू नकोस, संध्याकाळी घरी आल्यावर बोलू."

सांगितलं, पण घरचे म्हणाले, "तुला काय कमी आहे?"

हे वाक्य ऐकून तुटल्यासारखं होतं, मला माहीत आहे. तरी लगेच वाद घालू नका. ज्यांनी दुष्काळ, गिरणी संप, नोकरी जाणं, एका खोलीत दहा माणसं हे सगळं कुणाजवळ एक शब्द न काढता काढलं, त्यांच्या हिशेबात दुःखाला बाहेरचं कारण लागतं. शिवाय हे वाक्य बरेचदा भीतीतून येतं: आपल्या लेकराला आपण कुठे कमी पडलो का, या भीतीतून.

त्यांना पटवायची जबाबदारी तुमची एकट्याची नाही. "तुम्ही म्हणता ते असेलही, पण एकदा माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला आणि तेच त्यांना विचारा" असं म्हणा. लेकराचं न ऐकणारे वडील डॉक्टरचं ऐकतात, हे मी अनेकदा पाहिलंय. पिढ्यानपिढ्यांचा फॅमिली डॉक्टर असेल तर त्याला मध्ये घ्या. आणि तरीही कुणी ऐकलं नाही, तर तुम्ही सज्ञान आहात, उपचारासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मी एकटाच असा का, हेही पुष्कळ जण विचारतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. साधारण दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी मनाचा कुठला ना कुठला आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

घरातला पुरुष बोलतच नाही. चिडतो, नाहीतर पितो. त्याचं काय?

पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, घरी उशिरा येण्यातून, गाडी बेफाम चालवण्यातून, दारूतून दिसतं. "तुम्हाला काही त्रास होतोय का?" या प्रश्नाला उत्तर येतं, "काही नाही." म्हणून नेमकं विचारा: "तुम्ही रात्री दोनला गॅलरीत उभे असता, मी बघते. काय चालू असतं डोक्यात?" आणि मग थांबा. ती शांतता आपल्याला सहन होत नाही, आपणच बोलून टाकतो. तसं करू नका.

दारूबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगते. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू शपथ घालून एका रात्रीत तोडू नका. अशा माणसाला अचानक दारू बंद झाल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आज महाराष्ट्रभरातल्या लोकांना माहीत आहे. तिथे आणि अशा इतर केंद्रांत बायकोशी, आईवडिलांशीही बोलतात, कारण व्यसन एकट्या माणसाचं राहिलेलं नसतं.

जवळच्या माणसाने माझ्याजवळ मन मोकळं केलं तर मी काय बोलायचं?

थोडं. "मनावर घेऊ नकोस", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक आहेत", "जरा फिरून ये", "योगा कर" ही वाक्यं प्रेमानेच बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला त्यातून "विषय संपव" एवढंच ऐकू येतं. "कधीपासून होतंय?", "सगळ्यात जास्त त्रास कधी होतो?", "आत्ता मी काय केलं तर बरं वाटेल?" हे तीन प्रश्न पुष्कळ काम करतात.

शंका आली तर आत्महत्येबद्दल सरळ विचारा. "जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंयस का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, असा मोठा गैरसमज आहे. तसं होत नाही. उलट, जे सांगायला शब्द सापडत नव्हते ते विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. बाकी सगळं गुपित ठेवा, हे एक ठेवू नका. सोबत राहा, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू हलवा, डॉक्टरांपर्यंत तुम्हीच घेऊन जा.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक: नेमकं कुणाकडे जायचं?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषध देत नाहीत; त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. समुपदेशक नात्यातले, करिअरचे, दुःखाचे प्रश्न बोलून सोडवायला मदत करतात. झोप-भूक पार बिघडली असेल, भास होत असतील, संशय वाढला असेल, मरणाचे विचार असतील, तर आधी सायकियाट्रिस्ट. बाकी वेळी कुठूनही सुरुवात करा. चांगला माणूस गरज पडली तर स्वतःहून दुसऱ्याकडे पाठवतो.

नुसत्या गप्पा मारून कसं बरं वाटेल?

त्या गप्पा नसतात. आपण प्रसंगाला काय अर्थ लावतो, त्यातून भावना कशी उठते, तो अर्थ तपासता येतो का, यावर ठरावीक पद्धतीने काम चालतं आणि घरी करायचा अभ्यासही असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत आणण्यात डॉ. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे, त्यामुळे आपल्याकडे ही विचारसरणी नवखी नाही. एका माणसाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधा, त्यात अपमान कुणाचाच नाही.

खासगी डॉक्टर परवडत नाही. सरकारी ठिकाणी उपचार मिळतात का?

मिळतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, त्यामुळे जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. मोठ्या शहरांतल्या सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही असते. त्याशिवाय पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला सरकारी संस्था आहे. मनोरुग्णालय म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, पण तिथेही ओपीडी असते, माणूस सकाळी जातो, दाखवतो, गोळ्या घेऊन दुपारी घरी येतो.

पहिल्यांदा जाताना लोक घाबरतात ते काय होणार हे माहीत नसतं म्हणून. तर असं होतं: खिडकीवर केसपेपर काढायचा, तिथे "मानसोपचार" म्हणून सांगायचं. ही पायरी सगळ्यात कठीण, कारण मागे रांग असते आणि आवाज आपोआप खाली जातो. सोबत कुणी असेल तर केसपेपर त्यांना काढू द्या. मग बाकावर थांबायचं. शेजारी परीक्षेची पुस्तकं घेऊन आलेली मुलगी असते, जमिनीच्या वाटणीवरून झोप उडालेले आजोबा असतात, फिट येणाऱ्या मुलाची आई असते. आत गेल्यावर डॉक्टर झोप, भूक, काम, व्यसन, घरात कुणाला असा त्रास होता का, हे विचारतात. गर्दी असते, वेळ कमी मिळतो. म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या: त्रास केव्हापासून, झोप किती तास, चालू असलेल्या इतर गोळ्या, आणि जे तोंडाने सांगवत नाही ते. तो कागद सरळ डॉक्टरांच्या हातात द्या.

तालुक्याहून जिल्ह्याला जाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं. तोवर १४४१६ वर बोला. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली, आणि जवळच्या सरकारी सेवेकडे कसं जायचं तेही तिथे सांगतात.

गोळ्यांची सवय लागते का? आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

इथे दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत होते. नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन यांसारख्या गोळ्यांची नशा होत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या थोड्या काळासाठी देतात. घरोघरी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणलेली जी "झोपेची अर्धी गोळी" चालू असते, ती बहुधा याच जातीची. ती आपल्या मनाने सुरूही करू नका आणि एकदम बंदही करू नका.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतो: मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा. म्हणजे सुरुवातीला तोटा दिसतो आणि फायदा दिसत नाही, आणि नेमकं याच वेळी लोक "गोळ्या सोसल्या नाहीत" म्हणून सोडून देतात. हे आधी माहीत असलं तर निम्मी माणसं टिकतील असं मला वाटतं. विशीतल्या किंवा त्याहून लहान मुलांवर पहिल्या काही आठवड्यांत जास्त लक्ष ठेवा. अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, म्हणजे आजार उलटत नाही. नंतर हळूहळू कमी करतात. स्किझोफ्रेनिया (भास होणं, संशय वाढणं) किंवा बायपोलर (मन टोकाचं वर-खाली होणं) या आजारांत औषधं बरीच वर्षं लागू शकतात. बायपोलरवरचं लिथियम हे औषध चालू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं.

घरचे आधी देवऋषाकडे न्यायचं म्हणतात.

देवाला नमस्कार करून कुणाला धीर येत असेल तर मी आड येणार नाही. पण त्यासाठी औषध थांबवायचं नाही, ही अट घाला. "बाबांकडेही जाऊ आणि डॉक्टरकडेही जाऊ" या तडजोडीवर अनेक घरं उपचारांपर्यंत आली आहेत.

मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हे मात्र कुठल्याही श्रद्धेच्या नावाखाली चालवून घेऊ नका. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवत त्या जागेला २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या पंचवीसहून जास्त मनोरुग्णांना पळताही आलं नाही. त्यांना तिथे आणून सोडणारेही घरचेच होते, माणूस बरा व्हावा म्हणूनच.

मी पुण्यात एमपीएससी करतोय. यंदाही झालं नाही. घरी खरं सांगायची हिंमत नाही.

तुझ्यासारखी मुलं पेठांमधल्या अभ्यासिकांमध्ये टेबलाटेबलावर बसलेली आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांचं नीट चाललंय. घरून फोन आला की "अभ्यास चांगला चाललाय, यंदा होईल" हे वाक्य ठरलेलं. ते एकदा बोललं की पुढच्या महिन्याचे पैसे येतात, आणि त्या पैशांनी ओझं आणखी वाढतं. तिकडे वडिलांनी गावात "पोरगं साहेब होणार" म्हणून सांगून ठेवलेलं असतं.

दोन गोष्टी वेगळ्या कर. निकालाबद्दल घरी काय सांगायचं ही एक, आणि तुझी तब्येत ही दुसरी. आधी तब्येतीचं सांग. "बाबा, झोप लागत नाही, मेसमध्ये जेवण जात नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, डॉक्टरला दाखवतोय." हे ऐकून कुठलाही बाप पहिल्यांदा कटऑफ विचारत नाही. उपचारांनी मन थोडं थाऱ्यावर आलं की पुढे द्यायची की थांबायचं ते ठरव. आजारात घेतलेला निर्णय, मग तो परीक्षा सोडायचा असो किंवा आणखी तीन वर्षं देण्याचा, सहसा नीट होत नाही. आणि रूममेटला आज रात्रीच सांग. त्याचंही काही सांगायचं राहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

डोक्यावर कर्ज आहे. ते फिटल्याशिवाय मन कसं बरं होईल?

प्रश्न बरोबर आहे. डॉक्टर कर्ज फेडणार नाही, पावसाचं आणि शेतमालाच्या भावाचं तर कुणाच्याच हातात नाही. पण खचलेल्या मनाने बँकेत जाता येत नाही, नोटीस उघडून वाचवत नाही, फॉर्मची तारीख निघून जाते. झोप आणि डोकं ठिकाणावर आलं की तेच कर्ज हाताळायला थोडी ताकद येते. दोन्ही कामं बरोबरीने करा आणि बँकेत एकटे जाऊ नका, शिकलेला पुतण्या, शाळेतले गुरुजी, गावातला कुणी जाणता बरोबर घ्या. घरच्यांना विनंती: असा माणूस घरात असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. जीव द्यावासा वाटण्याचा क्षण थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काही नसणं यानेच अनेक जीव वाचतात.

बाळंतपणानंतर सारखं रडू येतं. सगळे म्हणतात, आता तर आनंदात राहायला हवं.

पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येईना, तर प्रसूती केलेल्या डॉक्टरांनाच आधी सांगा. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधंही असतात. विचित्र भास झाले किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा; त्या वेळी बाळंतिणीला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही. सासूबाईंना, आईला सांगणं आहे की तिला डिंकाच्या लाडवाइतकीच सलग चार तासांच्या झोपेची गरज आहे. रात्रीचं एक पाजणं सोडून बाकी बाळ तुम्ही बघा.

ऑफिसात सांगावं का?

सरसकट "हो" म्हणणार नाही. साहेब कसा आहे, नोकरी किती पक्की आहे, हे पाहून ठरवा. सगळं सांगायचं बंधन नाही. "तब्येतीचा उपचार चालू आहे, महिनाभर रात्रपाळी नको" एवढं सांगून काम भागत असेल तर तेवढंच सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे त्यात मानसिक आजारही आहे. आजार गंभीर आणि दीर्घ असेल तर प्रमाणपत्र काढून संरक्षण मागता येतं.

लग्न ठरवताना सांगायचं का?

सांगायचं. कधी काळी परीक्षेच्या वेळी दोन महिने समुपदेशन घेतलं, हे पत्रिकेवर छापायची गरज नाही. पण चालू असलेला, औषध लागणारा आजार लपवून लग्न करू नका. लपवलं की नव्या घरात गोळ्या लपवाव्या लागतात, मग चुकवाव्या लागतात, मग आजार उलटतो, आणि सगळ्यांना तो सर्वांत वाईट रूपात कळतो. महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली या कारणावरून लग्न रद्द करून मागण्याची तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आहे. बोलणी पक्की व्हायच्या आधी, दोघांनीच भेटून, आजाराचं नाव, औषध, गेल्या काही वर्षांतली तब्येत हे सांगा आणि "माझ्या डॉक्टरांना भेटायचं असेल तर भेट" म्हणा. काही स्थळं जातील. त्याचं दुःख होतं, ते मी कमी लेखत नाही. तरी चार वर्षांनी माहेरी परत पाठवलेल्या मुली मी पाहिल्यात, त्यामुळे या उत्तरात मला शंका नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे का?

बराचसा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं, त्याच्यावर खटला चालवू नये, असं त्यात म्हटलं आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम गेलंच. म्हणून अशा वेळी पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेणं टाळू नका. तुमची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे. आजार बळावल्यावर आपल्या वतीने कुणी बोलायचं ते बरं असताना लिहून ठेवता येतं. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यावं असंही कायदा सांगतो. पॉलिसी घेताना मात्र ओपीडीचा खर्च मिळतो का ते वाचा, अनेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात.

आजारी माणसाला सांभाळून मीच थकलेय. हे कुणाला सांगू?

सांभाळणारे हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारतात, चप्पल घालताना. मुलाला भास होतात, तो रात्रभर जागा, आणि आई सकाळी पाणी भरून, डबा करून कामावर. त्याच्यावर राग येतो, मग राग आल्याचं अपराधी वाटतं. हा राग येणारच. तो बोलायला तुमच्यासारख्याच माणसांत जा: नातेवाइकांचे स्वमदत गट असतात, पुण्यात १९९७ पासून स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) यांसारख्या संस्थांकडे त्यांची चौकशी करता येईल. जवळ काहीच नसेल तर १४४१६ सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. घरात कामाची वाटणी करा, आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची म्हणून ठरवा आणि त्या संध्याकाळी कोण थांबणार त्याचं नाव कॅलेंडरवर लिहा. नाव लिहिलं नाही तर ती संध्याकाळ पुन्हा तुमच्याच वाट्याला येते. आणि पुढच्या वेळी त्याला घेऊन ओपीडीत जाल तेव्हा डॉक्टरांना तुमची झोपही सांगा. तोच केसपेपर चालत नाही, तुमच्या नावाचा वेगळा काढा.